सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी कडेचं दिसेना

दोन वर्षांपूर्वीचा श्रावणी सोमवार. आई उपास सोडायला पाटावर बसली होती. मी तिच्या डाव्या हाताला पाण्याचा तांब्या ठेवला. तिनं पानाकडे बघत हात पुढे केला आणि तांब्या आडवा. त्या आठवड्यातली ही तिसरी वेळ. त्याआधी दाराच्या चौकटीला घासून डावा खांदा काळानिळा झाला होता. शेजारच्या काकू डावीकडून येऊन बोलल्या की ती दचकायची. आम्ही म्हणायचो, "आई, लक्ष कुठंय तुझं?"

लक्ष जागेवरच होतं. आईला वीस वर्षांची शुगर, दोन्ही डोळ्यांच्या पडद्यांना लेसर झालेलं. पण तपासणीला गेलं की तक्त्याची खालची ओळ ती घडाघडा वाचायची. "नजर छान आहे, मधला पडदा कोरडा आहे, म्हणजे सूज नाही, रिपोर्ट नॉर्मल," असं सांगून दर वेळी आम्हाला घरी पाठवलं जायचं. ती मात्र एकच सांगत राहिली, "माणसं एकदम उगवतात गं बाजूनं."

पडद्याचा आजार असलेल्या कितीतरी घरांत हे वाक्य थोड्याफार फरकानं ऐकू येतं. कुणाला कडेला काहीतरी लुकलुकतं, कुणाला सावली हलल्यासारखी वाटते, कुणी जिन्याची शेवटची पायरी चुकतं. कारण मात्र कागदावर सापडत नाही. ते का सापडत नाही आणि अशा वेळी काय करायचं, हे मला आईच्या निमित्तानं शिकावं लागलं.

मधली नजर आणि कडेची नजर

डोळ्याच्या आत, मागच्या भिंतीला आतून लागून एक पातळ थर असतो. त्यालाच आपण पडदा म्हणतो. प्रकाश त्यावर पडतो आणि त्यातल्या पेशी तो मेंदूकडे कळवतात. हा पडदा सगळीकडे एकसारखा विणलेला नसतो. अगदी मधोमध पैठणीच्या पदरासारखी घट्ट, बारीक वीण असते. रंग, अक्षरं, चेहरे, सुईचं नेढं, हे सगळं तिथं उमटतं. हात समोर लांब करून अंगठ्याच्या नखाकडे बघा. आपली खरोखर तीक्ष्ण नजर साधारण त्या नखाएवढ्या किंवा दोन नखांएवढ्या जागेपुरतीच असते. तिथून जसजसं कडेला जावं तसतशी वीण विरळ होत गोणपाटासारखी होते.

पण गोणपाटाला कमी लेखू नका. कडेला अनेक पेशी मिळून एका धाग्यावर निरोप पाठवतात. त्यामुळे बारकावा जातो, पण अंधुक उजेड आणि हालचाल टिपण्याची ताकद येते. शेताचा राखणदार रात्री माणसाचा चेहरा ओळखणार नाही, पण कुठं काही हललं हे त्याला बरोबर कळतं. कमी उजेडात काम करणाऱ्या पेशी एका डोळ्यात सुमारे १२ कोटी असतात. रंग आणि बारकावा दाखवणाऱ्या जेमतेम ६० लाख. पडद्याचा बहुतेक भाग या राखणदारांचाच आहे.

एका डोळ्याला कानाच्या बाजूला ९० अंशांहून थोडं पुढपर्यंत आणि नाकाच्या बाजूला सुमारे ६० अंशांपर्यंत दिसतं, कारण पुढे नाक आडवं येतं. म्हणजे अगदी डावीकडची एक पट्टी फक्त डावा डोळा बघतो, उजव्याला ती कधीच दिसत नाही. आईच्या डाव्या डोळ्याला लेसर जास्त झालं होतं. तांब्या नेमका त्या पट्टीत होता.

तक्ता वाचणं ही झाली मधल्या नजरेची परीक्षा. ती पैठणीचा पदर तपासते. गोणपाटाला भोक पडलं असेल तर तक्त्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग भोक पडलेलं आपल्यालाच का कळत नाही?

हे मला सगळ्यात चकित करणारं वाटलं. नजर गेलेल्या जागी काळं दिसत असेल असं आपण धरून चालतो. बहुतेक वेळा तसं होत नाही.

कागदावर डावीकडे एक फुली आणि तिच्या उजवीकडे ८ सेंटिमीटरवर एक ठळक ठिपका काढा. डावा डोळा झाका. उजव्या डोळ्यानं फक्त फुलीकडे बघत कागद हळूहळू जवळ आणा. डोळ्यापासून साधारण ३० सेंटिमीटरवर ठिपका नाहीसा होईल. त्या जागी काळं भोक दिसणार नाही, कोरा कागदच दिसेल. कागद रेघांचा असेल तर रेघ सलग गेलेली दिसेल. डोळ्याची नस जिथून बाहेर पडते तिथं पडद्याला पेशीच नसतात. हा 'आंधळा बिंदू' फ्रान्सच्या एदम मारियोत यांनी १६६०च्या दशकात शोधला. जन्मापासून प्रत्येकाच्या नजरेत हे भोक आहे आणि जन्मभर ते कुणाला जाणवत नाही.

याचं कारण मेंदू. ठिपक्यांच्या रांगोळीचा एक कोपरा पायानं पुसला गेला तर जाणती बाई आजूबाजूच्या रेघा बघून तो क्षणात भरून काढते. मेंदू अखंड तेच करत असतो. आजूबाजूला भिंत असेल तर भोकात भिंत भरतो, रस्ता असेल तर रस्ता. शिवाय एका डोळ्याची उणीव दुसरा झाकतो. म्हणून कडेची नजर कमी झालेल्या माणसाला 'दिसत नाही' असं वाटतच नाही. त्याला वाटतं की वस्तू एकदम समोर येतात, लोक न सांगता शेजारी उभे राहतात, पायात मांजर आलं. आईचं "उगवतात" हे क्रियापद शंभर टक्के अचूक होतं. वैद्यकीय भाषेत ते कसं लिहायचं हे मात्र तिला आणि आम्हाला माहीत नव्हतं.

मशीन सगळं बघतं ना?

नाही. डोळ्याची मशीनं उत्तम आहेत, पण प्रत्येकाची हद्द ठरलेली आहे.

एका गावची पाहणी करायला अधिकारी आले, गावठाणात फिरले आणि "गाव ठीक आहे" असा शेरा मारून गेले. आग लागली होती शिवारात. पडद्याच्या तपासण्यांचं पुष्कळदा असंच होतं. ओसीटी नावाचा स्कॅन पडद्याचे थर केसाहून बारीक फरकानं दाखवतो, पण नेहमीचा ओसीटी प्रामुख्यानं मधल्या भागाचाच काढतात. नजरेचा घेर मोजणारी जी फील्ड टेस्ट सगळीकडे होते, तिचा नेहमीचा प्रकार मध्यापासून चहूबाजूंना २४ अंशांपर्यंत, नाकाकडे ३० अंशांपर्यंत, एकूण ५४ जागा तपासतो. ती मुख्यतः काचबिंदूसाठी वापरली जाते आणि त्या कामाला ती योग्यच आहे. पण ९० अंशांच्या शिवारातलं २४ अंशांचं गावठाण बघून 'फील्ड नॉर्मल' असं छापून येतं, आणि घरचे म्हणतात, बघ, काही नाही तुला.

पडद्याची वीजलहर मोजणारी ईआरजी तपासणी असते. तिचा नेहमीचा प्रकार सगळ्या पडद्याचा मिळून एकत्र प्रतिसाद मोजतो. म्हणजे गावाचा एकूण वीजवापर मोजला, एका गल्लीतला दिवा गेलेला त्यात कसा कळणार?

आणि फील्ड टेस्ट देणाऱ्या माणसाचं काय? आईची ती परीक्षा मी शेजारी उभी राहून बघितली आहे. अंधारी खोली, एका डोळ्यावर पट्टी, हनुवटी टेकवलेली, हातात बटण, समोर पांढऱ्या कढईसारखी पोकळी. मधल्या दिव्यावरून नजर हलवायची नाही आणि कडेला ठिणगी चमकली की बटण दाबायचं. काही ठिणग्या मुद्दामच इतक्या मंद असतात की निरोगी माणसालाही दिसत नाहीत. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आपण नापास होतोय या भीतीनं ती अंदाजे बटण दाबत सुटली आणि शेवटच्या मिनिटांत तिची मान कलली. त्या कागदावर 'विश्वासार्हता कमी' असं आलं. तुमच्या घरातल्या कुणाची ही टेस्ट असेल तर आधी एवढंच सांगा: सगळं दिसायला हवं असं नाही, नाही दिसलं तर दाबू नका, दमलात तर थांबवायला सांगा.

लेसरनं नजर वाचते की जाते?

दोन्ही. हे आधी सांगितलं जात नाही म्हणून माझी तक्रार आहे.

शुगरमुळे पडद्याच्या बारीक रक्तवाहिन्या बंद पडतात. उपाशी पडदा 'रक्त पाठवा' असा रासायनिक निरोप सोडत राहतो. त्यातून नव्या, ठिसूळ रक्तवाहिन्या फुटतात, त्यांतून रक्त सांडतं, पडदा ओढला जातो आणि माणूस आंधळा होऊ शकतो. आमच्या जालन्याकडे दुष्काळात विहिरीला पाणी पुरेनासं झालं की मोसंबीची काही झाडं तोडतात, म्हणजे उरलेली जगतात. लेसर हेच करतं. मधला भाग सोडून कडेच्या पडद्यावर साधारण १२०० ते १६०० डाग दिले जातात. तेवढ्या जागेची प्राणवायूची मागणी संपते आणि मधली नजर वाचते. १९७०च्या दशकात अमेरिकेत झालेल्या मोठ्या अभ्यासात या उपचारानं गंभीर दृष्टिनाशाचा धोका निम्म्याहून जास्त कमी झाला. पण तोडलेली झाडं परत फळ देत नाहीत. कडेची आणि रात्रीची नजर थोडीफार जाते.

मग लेसर करूच नये का? असं म्हणू नका. डोळ्यात द्यायची इंजेक्शनं आता आहेत आणि त्यांत नजरेचा घेर तितका जात नाही, हे खरं. पण ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. पेरणी आली, लग्नसराई आली, पैसे नव्हते, म्हणून मध्येच तपासणी सोडली तर आजार जोरानं उलटू शकतो. नियमित येणं शक्य नसलेल्या माणसाला लेसर हाच पक्का आधार असतो. माझ्या आईचं लेसर योग्यच होतं. फक्त "यानं बाजूचं थोडं कमी दिसेल, जपून चाला" एवढं वाक्य कुणी बोललं असतं तर तिला वर्षभर वेंधळी ठरवलं गेलं नसतं.

इतर आजारांत कडेला काय घडतं

मोठा मायनस नंबर असलेल्यांचा डोळा लांबट असतो, त्यामुळे कडेचा पडदा ताणून पातळ झालेला असतो. डोळ्याच्या आतला जेलीसारखा द्रव वयानुसार आक्रसतो आणि पडद्यापासून सुटताना त्याला ओढ देतो. पडद्याला दुखणं कळत नाही. त्याला एकच भाषा येते, उजेडाची. म्हणून ओढ बसली की कडेला वीज चमकल्यासारखं दिसतं, बहुधा अंधारात, मान वळवताना. बऱ्याचदा हे आपोआप शमतं. पण काहींच्या पडद्याला फाट पडते, तिच्यातून पाणी मागे शिरतं आणि पडदा सुटू लागतो. मूळ दुखणं ही फाट आहे आणि ती बुजवली तर पडदा बसतो, हे स्वित्झर्लंडच्या लोझानमध्ये ज्यूल गोनँ यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत दाखवलं. त्याआधी पडदा सुटणं म्हणजे जवळजवळ नक्की अंधत्व होतं.

दुसरा मोठा गट आनुवंशिक आजारांचा. त्यांतला सगळ्यात माहीत असलेला रेटिनायटिस पिगमेंटोसा, थोडक्यात आरपी. यात आधी राखणदार पेशी मरतात. लहानपणी 'रातांधळेपणा' म्हणून सोडून दिलं जातं, मग मध्य आणि कड यांच्या मधोमध कड्यासारखी पट्टी विझते आणि हळूहळू नळीतून बघितल्यासारखी नजर उरते. सिनेमागृहात खुर्ची न सापडणारा आणि दिवसा वर्तमानपत्र नीट वाचणारा मुलगा खोटं बोलत नसतो. जगात साधारण ४००० माणसांमागे एकाला हा आजार असतो. नागपूरजवळच्या ग्रामीण भागात ३० वर्षांवरील लोकांच्या पाहणीत हे प्रमाण सुमारे ७५० मागे एक इतकं निघालं. जवळच्या नात्यात लग्न झालं तर आरपीच्या काही प्रकारांचा धोका वाढतो. मामाच्या मुलीशी सोयरीक जुळवण्याची रीत असलेल्या घरांत आधीच कुणाला रातांधळेपणा असेल तर लग्नाआधी आनुवंशिक सल्ला घ्यावा. ही गोष्ट बैठकीत बोलायला जड जाते, तरी बोलावी.

आणि मग येतात खरोखर चकवणारे आजार. अमेरिकेतले पडद्याचे डॉक्टर डोनाल्ड गॅस यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला काही रुग्णांचं वर्णन केलं. बहुतेक तरुण स्त्रिया, अनेकींना मायनस नंबर. कडेचा एक पट्टा अचानक गेलेला, तिथं सतत काहीतरी लुकलुकतंय, आणि तपासलं तर पडदा चक्क निरोगी दिसतोय. अनेकींना मेंदूच्या किंवा नसेच्या आजाराच्या तपासण्यांतून जावं लागलं होतं. बिघाड पडद्याच्या बाहेरच्या थरात, एका पट्ट्यापुरता, लपून बसलेला होता. 'ॲक्यूट झोनल ऑकल्ट आउटर रेटिनोपथी' या इंग्रजी नावाची आद्याक्षरं जोडून आज त्याला 'अझूर' म्हणतात. या बायका काय सांगत होत्या ते त्यांच्या डोळ्यात दिसायला पुढे नवी यंत्रं यावी लागली. पडद्यातला नैसर्गिक चमकारा टिपणारे फोटो आणि थरांचे स्कॅन आल्यावर तो पट्टा उठून दिसू लागला.

"मनाचं असेल" असं कुणी म्हटलं तर?

कधीकधी कारण पडद्यात नसतं हे खरं. म्हणून एक साधी गोष्ट लगेच करावी. आळीपाळीनं एकेक डोळा झाकून बघावं. बदल एकाच डोळ्यात असेल तर बिघाड बहुधा त्या डोळ्यात किंवा त्याच्या नसेत. दोन्ही डोळ्यांत एकाच बाजूचं अर्धं गेलं असेल तर मेंदूचा विचार करावा लागतो. ते अचानक झालं असेल तर लकव्यासारखाच तातडीनं दवाखाना गाठावा. नागमोडी चमकती रेघ दोन्ही डोळ्यांत दिसून, पसरत जाऊन वीस-तीस मिनिटांत मावळली तर ती बहुधा अर्धशिशीची असते. काचबिंदूही कडेची नजर खातो. संधिवातासाठी वर्षानुवर्षं घेतलेली हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन किंवा फिट्सवरचं व्हिगाबॅट्रिन ही औषधंही पडद्याला इजा करू शकतात. औषधांची यादी डॉक्टरांना दाखवावी, मनानं गोळी बंद करू नये.

काळजीनं लक्ष जास्त जातं, हेही मान्य. एकदा पडदा सुटलेला माणूस प्रत्येक सावलीला घाबरतो. पण काळजी आहे म्हणून तक्रार खोटी ठरत नाही. 'कारण सापडलं नाही' आणि 'कारण नाही' ही दोन वेगळी वाक्यं आहेत, आणि दवाखान्याच्या दारातून बाहेर पडेपर्यंत पहिल्याचं दुसरं झालेलं असतं.

एका बाबतीत मात्र वही, नोंदी, विचार काहीच करत बसू नका. डोळ्यासमोर अचानक काळ्या ठिपक्यांचा किंवा काजळीचा पाऊस, सोबत चमका, किंवा कडेनं पडदा ओढल्यासारखी सावली चढत येणं, यातलं काहीही झालं तर त्याच दिवशी पडद्याच्या डॉक्टरांकडे जा. फक्त फाट असेल तर ती बहुतेकदा लेसरनं तिथल्या तिथं बांधता येते. सावली मधोमध पोचल्यावर ऑपरेशन होतं, पण पहिल्यासारखी नजर येईल याची खात्री उरत नाही. गाडी स्वतः चालवत जाऊ नका.

डॉक्टरांना काय सांगायचं, काय विचारायचं

"बाजूचं दिसत नाही" एवढ्यानं काम होत नाही, हे मी अनुभवानं सांगते. दुसऱ्या डॉक्टरांकडे जाताना आम्ही एक कागद नेला. त्यावर दोन मोठी घड्याळं काढली, एक डाव्या डोळ्याचं, एक उजव्याचं. एक डोळा झाकून समोर भिंतीवरच्या खिळ्याकडे बघायचं, मी कडेनं पेन आत आणायचं, आणि दिसलं तिथं खूण. डाव्या घड्याळात आठ ते दहाच्या बाजूला खुणा बऱ्याच आत आल्या. घरची मोजणी अगदी ढोबळ असते, पण डॉक्टरांनी तो कागद हातात घेऊन नीट बघितला. सोबत लिहिलं होतं: कधीपासून, उजेडात की अंधारात, चमक दिसते का, वाढतंय का, कुठं धडकते.

विचारायचं ते सरळ विचारा. थेंब घालून, बाहुली मोठी करून पडदा अगदी कडेपर्यंत तपासला का? डोक्याला दिवा लावून, भिंग धरून, पापणीवरून डोळा हलकेच दाबत करतात ती तपासणी. ६० अंशांपर्यंतची किंवा त्याहून रुंद घेराची टेस्ट करता येईल का? रुंद फोटो काढता येईल का? आता एकाच फोटोत पडद्याचा बहुतेक भाग टिपणारे कॅमेरे आहेत. आणि आज काहीच सापडलं नाही तरी आजचा फोटो आणि आजची फील्ड जपून ठेवा, कारण सहा महिन्यांनी तुलना करायला तेच लागतं.

कायद्याचंही माहीत असू द्या. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात फक्त तक्ता धरलेला नाही. नजरेचा घेर ४० अंशांहून कमी, १० अंशांपर्यंत उरला असेल तर ती अल्पदृष्टी, आणि १० अंशांहून कमी असेल तर अंधत्व. खालची ओळ वाचणारा माणूसही यात येऊ शकतो. अनेक आरपीग्रस्तांना हे ठाऊकच नसतं आणि ते प्रमाणपत्र मागायलाही जात नाहीत.

आईच्या डॉक्टरांनी रुंद फोटो स्क्रीनवर लावला. मध्ये स्वच्छ नारिंगी वर्तुळ, आणि सभोवती ज्वारीचे दाणे विखरावेत तसे फिके-काळे डाग. "आजी, जिथं हे दाणे आहेत तिथं आता कमीच दिसणार. पण यांनीच तुमचं मधलं राखलंय." आई बराच वेळ बघत होती. मग मला म्हणाली, "म्हणजे मला वेड नव्हतं लागलं."

आता जिन्याच्या कडांना पिवळी पट्टी लावली आहे. आई खोलीत शिरताना आधी मान डावीकडे वळवून बघते, ही सवय तिनं महिनाभर घोकून लावून घेतली. संध्याकाळनंतर एकटी रस्ता ओलांडत नाही. तांब्या उजव्या हाताला असतो. आणि डावीकडून जाणारा घरातला प्रत्येक जण, तीन वर्षांची नातसुद्धा, आधी आवाज देते, "आजी, मी आले."